गिरणीच्या रस्त्यावरचा दोर

सोमवार, २ सप्टेंबर

आज परत! शाळेचा पहिला दिवस, आणि गिरणीच्या रस्त्यावर खडीच्या डंपरनं टपालवाल्या बाईला उडवलं. बाई पाटात पडली म्हणून वाचली. सायकलचं पुढचं चाक दुमडलेल्या रोटीसारखं झालंय. मी समोरच होते. पांढऱ्या फिती बांधलेल्या पोरी पाटाच्या काठानं एकीमागं एक, पाय जपत चालल्या होत्या, कारण फुटपाथवर गाड्या लावलेल्या. डंपरवाला उतरलासुद्धा नाही!

ऑफिसात साकिनाताईंना सांगितलं. त्या आमच्या आरोग्य केंद्राच्या प्रमुख. म्हणाल्या, "कलिपा, आपलं खातं उवांचं, लशींचं, काविळीचं. रस्ता पोलिसांचा."

मी म्हटलं, "आणि आपल्या अर्ध्या कोंगुर-तेरेक गावाला साखर झालीय ती कुणाची? रक्तदाब कुणाचा? 'चाला' म्हणून पत्रकं वाटतो आपण. चालायचं कुठं, डंपरखाली?"

ताई चहा ढवळत राहिल्या. ढवळून ढवळून पार गार केला. मग म्हणाल्या, "लिही काय लिहायचं ते, सही करते. पण पुढं तू उभी राहायचं. माझं पेन्शन जवळ आलंय."

गुरुवार, ५ सप्टेंबर

नगराध्यक्ष ओमुरकानोवांकडे जाऊन आले. सगळं पाठ करून गेले होते: रस्त्याची खालची बाजू गिरणीच्या फाटकाशी संपते, रविवारी तिथं कुलूपच असतं. वरच्या तोंडाला लोखंडी खांब लावले की सकाळपासून दुपारपर्यंत पूर्ण रस्ता माणसांचा. लोक चालतील, पोरं सायकली चालवतील, डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर 'रविवारी गिरणीचा रस्ता' असं लिहून देतील. गिरणीजवळच्या लग्नाच्या हॉलला जायला नहराकडून वळसा आहेच.

ओमुरकानोव हसले. "खांब? लोखंडाचे? बाई, माझ्याकडं गटाराची झाकणं नाहीत. दोर लावा दोर! आपले आजे दोरानंच घोडे अडवायचे की."

"पोलीस तरी द्या."

"दोन आहेत. एक रजेवर, दुसरा माझा भाचा. कोण हवाय?"

मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, ऑक्टोबर संपेपर्यंत करून बघा. नीट पार पडलं तर रस्ता कायमचा बंद करीन, खांबही देईन. "पण कुणाला नुसतं खरचटलं तरी मी नाही, आणि तुमचा रस्ताही नाही. डंपरवाले माझ्या छातीवर बसलेत."

हो म्हणून आले.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

दोर कोण धरणार? विचारायचा अवकाश, ऑफिसातले सगळे येत्या रविवारी आजारी पडणार आहेत!

घरी जेवताना बोलले, तर सासरे म्हणाले, "मी धरतो." मी घास हातातच धरून बघत राहिले. (बाबा म्हणते मी त्यांना. त्यांचं नाव इथं लिहिणार नाही. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि सवय अशी की कागदावरही हात चालत नाही.) बाबांना साखर आहे. जन्मभर डोंगरात घोड्यांचे कळप राखले, आणि इथं आमच्याकडं आल्यापासून खिडकीशी बसून आहेत. मेदेर रशियातून फोन करतो तेव्हा माझ्याआधी हेच विचारतो, "बाबा बाहेर पडतात का गं?" काय सांगणार नवऱ्याला?

जेवण होताच बाबांनी पेटीतून घोड्याच्या केसांचा जुना दोर काढला. काळा-करडा, मनगटाएवढा जाड. माझ्या बेगीमला मांडीवर घेऊन तिला शिकवत होते. एवढीशी पोर, अजून धड पाऊल टाकत नाही. "दोर मुठीत धरायचा, राणी. हाताला गुंडाळायचा नाही कधी. घोडा उधळला की हात घेऊन जातो."

एने, माझ्या सासूबाई, हसून म्हणाल्या, "धरा धरा. लग्नाच्या गाड्या आल्या की मिठाई तरी मिळेल!"

खरंच की. लहानपणी आम्ही सगळ्यांनीच लग्नाच्या वाटेवर दोर धरलेत. नवरीची गाडी येते, खिडकीतून मिठाई नाहीतर रुमाल मिळतो, अगदी शेवटच्या क्षणी दोर खाली! मीही खूप हसले.

रविवार, ८ सप्टेंबर

झालं! झालं बाई एकदाचं!

सुरुवातीला कुणी येईना. मी आणि साकिनाताई रिकाम्या रस्त्यावर दोन भुतांसारख्या. मग टपालवाली आली, हात गळ्यात बांधलेला, नुसती चालायला. मग म्हाताऱ्या आल्या, पॉपलरखाली घरचीच बाकडी टाकून बसल्या. मग पोरं — खडू, सायकली, एक तीनचाकी, एक मेंढी! पाटाचं पाणी ऐकू येत होतं. या रस्त्यावर ते कधी ऐकू आलं होतं मला?

बाबा वरच्या तोंडाशी. दोराचं एक टोक पॉपलरला बांधलेलं, दुसरं त्यांच्या मुठीत. डोक्यावर पांढरी उंच टोपी, अंगात सणाचा कोट. ओमुरकानोवांची गाडी आली, तर बाबा जागचे हलले नाहीत. "साहेब, पायांनी या." आणि साहेब खरंच उतरून आले!

परतताना बाबा फाटकापर्यंत जाऊन चालत वर आले. एनेंनी दारातच विचारलं, "पाय?" बाबा म्हणाले, "घोड्याचे आहेत." जेवायला बसल्यावर त्यांच्या हातून चहाची वाटी पडून फुटली. सगळे हसलो. दोर धरून धरून हात दमले म्हणे.

बुधवार, ११ सप्टेंबर

बाबांचा फोटो काढून घेतला. मोठा कागद छापणार: दोर धरलेले बाबा, खाली 'मी चालतो. तुम्ही?' ताई म्हणाल्या, चेहरा आहे तुझ्या सासऱ्यांना. त्यांची साखर मोजली, उतरलीय! मी ऑफिसभर सांगत सुटले.

रविवार, १५ सप्टेंबर

गर्दी दुप्पट. तंबू टाकला, साखर तपासायला आणि पाय बघायला. साखरेच्या माणसाच्या पायाला जखम झाली तर त्याला ती कळत नाही, म्हणून बोटांच्या बेचक्यासुद्धा बघते मी. किती पाय बघितले आज! भेगा, कुरुपं, पॅराफिनच्या वासाचे मोजे. एका आजीला टाचणी टोचली तर म्हणते, "टोच की गं, थांबलीस का?" तिला लगेच मोठ्या दवाखान्यात धाडलं.

बाबा तंबूच्या दाराशी येऊन उभे राहिले. घोट्याच्या वरपर्यंतचे मऊ कातडी बूट, त्यावर रबरी जोडे, नेहमीसारखे. ताई म्हणाल्या, "आजोबा, तुमचेही बघू द्या." बाबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. सुनेसमोर सासरा पाय उघडा करत नाही. या घरात आल्यापासून मी त्यांचं पाऊल पाहिलेलं नाही, एनेंशिवाय कुणीच नाही. "माझं काय बघायचं," म्हणाले, "मी तुमच्या कागदावर आहे की." सगळे हसले. ताईंनी पुढच्या आजींना बोलावलं. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू?

घरी आल्यावर चहाच्या सामोवारची धुराची नळी त्यांनी उघड्या हातानं उचलली! तापलेली. हाताला फोड आला, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. घोडेवाल्याची कातडी!

बुधवार, १८ सप्टेंबर

संध्याकाळी बाबा फिरून आले ते एका पायात रबरी जोडा नसताना. चिखलात रुतून राहिला होता, यांना पत्ताच नाही. "कुठं लक्ष असतं तुमचं?" म्हटलं. म्हणाले, "रविवारी."

त्यांच्या खोलीत एने हल्ली सकाळ-संध्याकाळ आर्चा झाडाच्या सुवासिक डहाळ्या जाळतात. धुरानं डोळे चुरचुरतात. म्हणाल्या, "गावभर फोटो लावलास, नजर लागते."

बेगीमनं पाऊल टाकलं! दोन पावलं, मग धपकन. म्हणजे आता दोरा कापायचा. बाळ चालू लागलं की पायांत काळी-पांढरी लोकर बांधतात, गावातली पोरं धावत येतात, पहिलं येणारं कात्रीनं ती कापतं. तेव्हा कुठं पाय मोकळे होतात, आयुष्याची वाट खुली होते. इतर लोक अंगणात करतात. मी ठरवलं — रविवारी, गिरणीच्या रस्त्यावर! याहून मोठी जाहिरात आमच्या खात्याला कुठली मिळणार? ताई नाचायच्याच बाकी होत्या.

एनेंना मात्र पसंत पडलं नाही. "रस्ता परक्याचा असतो," एवढंच म्हणाल्या.

रविवार, २२ सप्टेंबर

सगळं लिहून काढते.

बेगीम रस्त्याच्या मधोमध उभी. नवा फ्रॉक, पायांत काळी-पांढरी लोकर, एने मागून काखेत धरून. मी शेजारी कात्री घेऊन. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. वर, दोराच्या जरा अलीकडून, पोरं सुटली. सगळे ओरडत होते, धावा, धावा! पोरं हसत येत होती.

आणि त्यांच्या मागून हॉर्न.

लग्नाच्या गाड्या. पांढऱ्या, रिबिनी लावलेल्या, एकामागून एक. आधी मला वाटलं, भास. मग लोकांच्या ओरडण्याचा सूर बदलला. पोरांना वाटलं, आपल्यालाच ओरडताहेत — आणखी जोरात धावू लागली, थेट बेगीमकडं! मी पुढं झेपावले की नाही, आठवत नाही. पहिल्या गाडीनं एकदम चाक फिरवलं आणि ती पाटात जाऊन आदळली. दुसरी तिच्यावर. नवरी किंचाळत होती. पोरं वाचली. बेगीम वाचली. कुणाला खरचटलं नाही. देवा, कुणालाच नाही.

गाडीवाला घाबरून सांगत होता, "आजोबांनी दोर सोडला, ताई! मावशीनं रुमाल दिला, दोर खाली आला, आम्ही निघालो. दोर धरतात तो सोडायलाच ना!"

मी धावत वर गेले. बाबा उभे. खांद्यावर लग्नवाल्यांचा रेशमी रुमाल, पायाशी दोर, मिठाई सांडलेली. आपल्या हाताकडं बघत होते. आणि मी — सगळ्या गावासमोर — सासऱ्यांवर ओरडले. "एक काम दिलं होतं बाबा तुम्हाला, एक! नवरी आली म्हणून दोर सोडलात? नात तिथं उभी होती तुमची! यापुढं नवरी येवो नाहीतर खुद्द खान येवो, दोर सोडायचा नाही! कळलं?"

बायकांनी डोक्याचे रुमाल तोंडावर ओढले. सुनेचा असा आवाज गावानं ऐकला नव्हता, मीही ऐकला नव्हता. बाबा म्हणाले, "नवरीला अडवत नाहीत, सूनबाई." मग वाकून दोर गोळा करायला लागले. गोळा होईना. टपालवालीनं एका हातानं करून दिला.

बेगीमच्या पायातला दोरा कुणी कापलाच नाही. घरी आणून मी गाठ सोडवली. एने बघत होत्या. "कापायचा असतो," म्हणाल्या. "सोडवायचा नसतो."

सोमवार, २३ सप्टेंबर

ओमुरकानोव: "खरचटलं नाही म्हणून वाचलात. पुन्हा नाही." दोराच्या जागी खांब द्या म्हणून पाया पडायची बाकी राहिले. दोर म्हटला की इथला माणूस मिठाई काढतो, हे आमच्या एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं! "ऑक्टोबरनंतर," म्हणाले. मग दुसरा माणूस तरी द्या. तोही नाही.

घरी बाबांना म्हटलं, मी दुसरं कुणी बघते. म्हणाले, "दोर माझा आहे."

गुरुवार, २६ सप्टेंबर

बाबा माझ्याबरोबर जेवायला बसत नाहीत. ताट खोलीत जातं, अर्धं परत येतं.

रविवार, २९ सप्टेंबर

सुरळीत. लोक कमी. आया पोरांचे हात सोडत नव्हत्या. पॉपलर पिवळे पडलेत, कोळशाचा पहिला धूर आला. बाबा सगळ्यांच्या आधी जाऊन उभे होते आणि एकदाही बसले नाहीत. मी चहा पाठवला, तो तसाच परत.

रविवार, ६ ऑक्टोबर

आज लग्न आलं — आणि बाबांनी अडवलं!

रुमाल दिला, नाही घेतला. मिठाई, नाही. नवऱ्याचा काका उतरला, आधी हसून, मग हात जोडून, मग शिव्या देऊन. "म्हाताऱ्या, नवरीची वाट अडवतोस? तुझी वाट कोण मोकळी करील?" बाबा दगडासारखे. गाड्या वळून नहराकडून गेल्या. संध्याकाळपर्यंत बाजारात हीच गोष्ट. रोटीवाली मला म्हणाली, "सुनेनं सासऱ्याला बरं वळण लावलं हो!" टोमणा होता. मी हसून घेतला, कारण आतून मला आनंदच झाला होता. चार रविवारही उरले नाहीत आता. रस्ता आमचा होतोय!

एक गोष्ट. बाबांनी आज दोर मनगटाला गुंडाळला होता. दोन वेढे, वर गाठ. जवळून जाताना मी पाहिलं. माझी नजर तिथं गेली, हेही त्यांनी पाहिलं. मला वाटलं, हा राग आहे. 'सोडायचा नाही म्हणालीस ना? घे, नाही सोडत.' बोलणार होते, पण अजून आमचं बोलणं सुरू कुठं झालंय? नंतर सांगू म्हटलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आर्चाचा धूर आता सगळ्या घरात. त्याच्या खाली दुसरा कसलातरी वास आहे, गोडूस. उंदीर मेला असेल. कपाटं हलवून पाहिली, काही नाही. एनेंना विचारलं तर त्यांनी आणखी डहाळ्या टाकल्या.

शनिवार, १२ ऑक्टोबर

उद्या हॉलवर दोन लग्नं आहेत. दोन्ही घरी स्वतः जाऊन सांगून आले — नहराकडून या, दोर सोडणार नाहीत. एका घरी तळलेले बोर्सोक खायला घातले, "हो हो, कळलं" म्हणाले. दुसऱ्या घरी पाहुणे इतके, की कुणी ऐकलं आणि कुणी नाही, देव जाणे.

फार अस्वस्थ वाटतंय. बेगीम परत रांगायला लागलीय. उभी केली की रडते.

रविवार, १३ ऑक्टोबर

बाबांनी दोर सोडला नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. एनेंना इंजेक्शन देऊन झोपवलंय.

दुसऱ्या लग्नाचीच गाडी. पोरगेलासा ड्रायव्हर, हसत, वेगात. दोर दिसला होता त्याला, का नाही दिसणार! पण दोर शेवटच्या क्षणी पडतोच, प्रत्येक लग्नात पडतो, त्यानं ब्रेक लावला नाही. मी तंबूत होते, आधी आवाज ऐकला. बाहेर आले तर पांढरी टोपी रस्त्यात, आणि बाबा खूप पुढं, गाडीच्या बाजूला, दोर अजून हाताला.

खांदा निखळलाय, कमरेचं हाड मोडलंय. शुद्धीवर आहेत, पण बोलत नाहीत.

काल इथं आणलं तेव्हा खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?" मी गप्प. एने गप्प — त्यांनी तर संसारभर नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. आत माणूस विव्हळतोय आणि आम्ही दोघी खुळ्यासारख्या एकमेकींकडं बघतोय! तो आमच्यातलाच असावा. त्यानं कागद आणि पेन पुढं सरकवलं. मी लिहिलं. पहिल्यांदाच लिहिलं.

मग डॉक्टरांनी बूट काढायला सांगितले. एने पुढं झाल्या, बूट दोन्ही हातांनी दाबून धरले, "कमरेला लागलंय, पायाला काही नाही!" नर्सनं त्यांना बाजूला केलं आणि कात्रीनं कातडं कापलं. तोच वास. आमच्या घरातला.

पूर्ण टाच काळी. डॉक्टर माझ्या ऑफिसचा बिल्ला बघून म्हणाले, "तुम्ही आरोग्य केंद्रातल्या ना? या पायाला काही कळत नसणार, कितीतरी महिने. आणि यांना चालायला कुणी लावलं?"

बुधवार, १६ ऑक्टोबर

गुडघ्याखाली कापला.

मेदेरला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पण ते बाहेर पडत होते ना?" विचारत होता की रडत होता, कळलं नाही. तिकीट मिळेल तसा निघतोय.

शनिवार, १९ ऑक्टोबर

त्या ड्रायव्हरचे आई-बाप माफी मागायला मेंढा घेऊन दारात. पोरगा मागं, मान खाली. म्हणाला, "मी त्यांच्या हाताकडंच बघत होतो. आता सोडतील, आता सोडतील..." एनेंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर मला म्हणाल्या, "जखम उन्हाळ्यापासून होती. मी धुवायचे. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती त्यांनी. सुनेच्या कागदावर फोटो आहे म्हणाले, तिचं हसं होईल."

माझं हसं!

बुधवार, २३ ऑक्टोबर

ओमुरकानोवांनी बोलावलं. वाटलं, संपलं सगळं. खुर्चीतून उठून त्यांनी माझा हात हातात घेतला. गाव पेटलाय म्हणाले, डंपरवाल्यांचीही तोंडं बंद आहेत. गिरणीचा रस्ता कायमचा बंद. रोज. खांब रविवारी बसतील. आणि रस्त्याला बाबांचं नाव! "नवरीपुढंही हटले नाहीत. असा माणूस!" ताई बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडल्या. वरून आदेश आलाय, आमच्यासारखंच बाकीच्या गावांनीही करावं. मला भाषण द्यायचं आहे.

जिंकले मी.

रविवार, २७ ऑक्टोबर

खांब बसले. नवी पाटी वाचली, मनात.

तिथून दवाखान्यात. बाबांनी एनेंना बाहेर पाठवलं. अपघातापासूनचं पहिलं बोलणं. म्हणाले, "सूनबाई, बेगीमच्या वेळी मी नवरीसाठी दोर सोडला नव्हता. गाड्या पुढं गेल्या, तेव्हा खाली बघितलं — मूठ तशीच आणि दोर जमिनीवर. पायांसारखंच, हातांनाही काही कळत नाही. तू म्हणालीस 'सोडलात', मी म्हटलं, तसंच असू दे. मग गुंडाळून घ्यायला लागलो. तू बघितलंस. मला वाटलं, तुला कळलं."

मी बघितलं होतं.